एक झाड तोडून पाच लावली, तर जंगल वाढतं का?

नागपुरातल्या एका शिक्षिकेने विचारलेला हा प्रश्न. सहावीच्या वर्गात त्या जंगलाचं महत्त्व शिकवत होत्या. फळ्यावर नेहमीचे मुद्दे लिहून झाले: प्राणवायू, पाऊस, औषधी वनस्पती, वन्यप्राणी, जमिनीची धूप. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, रस्त्यासाठी एक झाड तोडलं तर बदल्यात पाच लावतात ना? मग जंगल तर पाचपट होत असेल." मॅडमना उत्तर सुचलं नाही. त्यांनी तो प्रश्न जसाच्या तसा माझ्याकडे पाठवला.

मॅडम, मी बत्तीस वर्षं जंगलात नोकरी केली. वनरक्षक म्हणून लागलो, वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालो. नागपूर, भंडारा, गडचिरोली, याबाहेर कधी बदली झाली नाही. तुमच्या विद्यार्थ्याला अकराव्या वर्षी पडलेला प्रश्न मला पडायला नोकरीची पंधरा वर्षं जावी लागली. तोवर मीही झाडंच मोजत होतो.

आधी फळ्यावरचा पहिला मुद्दा पुसून टाका. झाडं उन्हात प्राणवायू सोडतात हे खरं आहे, पण वाढ पूर्ण झालेलं जुनं जंगल जेवढा प्राणवायू तयार करतं, जवळजवळ तेवढाच श्वसनात आणि पाचोळा कुजण्यात खर्चही करतं. हवेत प्राणवायू २१ टक्के आहे आणि तो साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे. उद्या विदर्भातलं सगळं जंगल गेलं तरी नागपुरात कोणी प्राणवायूवाचून गुदमरणार नाही. नुकसान होईल ते दुसऱ्याच गोष्टींचं. प्राणवायूचा मुद्दा पहिला ठेवला की मुलांच्या मनात बसतं की झाड म्हणजे प्राणवायूचं यंत्र, आणि यंत्र काय, इथलं काढून तिथं बसवता येतं. कार्बनची गोष्ट मात्र खरी आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, म्हणून जुनं झाड उभं असणं हवामानासाठी मोलाचं. जुन्या झाडात साठलेला कार्बन भरून काढायला पाच रोपांना कित्येक दशकं लागतात, तीही जगली तर.

आता पाण्याकडे येतो, कारण नागपूरसाठी जंगलाचं सगळ्यात मोठं काम तेच आहे.

आपल्याकडे वर्षाला साधारण हजार ते अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने त्यावरच काढायचे असतात. ऑगस्टमधल्या झडीत मिश्र जंगलात उभं राहून बघा. वरचा पाऊस आधी ऐन, धावडा, बिजा यांच्या शेंड्यांवर पडतो, मग खालच्या चारोळीच्या, तेंदूच्या पानांवर, मग बांबूवर, मग गवतावर. इतक्या पायऱ्या उतरून तो पाचोळ्यावर येतो तेव्हा त्याचा जोर संपलेला असतो. पाचोळ्याखालची माती हातात घेतली तर भुसभुशीत लागते. त्यात मेलेल्या मुळांच्या नळ्या असतात, गांडुळांची बिळं असतात, वाळवीचे बोगदे असतात. पाणी त्यातून आत जातं आणि खालच्या मुरमात, खडकाच्या फटींत सावकाश सरकत राहतं. नाल्याला ते पोहोचतं दोन-तीन महिन्यांनी. म्हणून चांगल्या जंगलातला नाला पोळ्याला गढूळ नसतो आणि संक्रांतीपर्यंत वाहतो. त्याच टेकडीवरचं जंगल काढा. पहिल्या तासात नाला लालभडक होऊन फुटेल आणि दिवाळीनंतर त्यात दगड दिसतील. पाऊस दोन्हीकडे तेवढाच पडलेला असतो.

मुलांना हे दूरचं वाटू नये म्हणून त्यांच्या घरातल्या नळापासून सुरुवात करा. नागपूर पितं त्यातलं बरंचसं पाणी पेंचचं आहे, उरलेलं मुख्यतः कन्हानचं. पेंच नदी छिंदवाड्याकडून सातपुड्याच्या उतारांवरून येते, तोतलाडोहात साठते, पुढे नवेगाव खैरीला अडते आणि तिथून शहराकडे निघते. तोतलाडोहाच्या दोन्ही अंगांना पेंचचं जंगल आहे. लोक ते वाघासाठी बघायला जातात. मी मात्र पाहुण्यांना नेलं की आधी पाणी दाखवायचो. त्या उतारांवरची माती जंगलाने धरून ठेवली नाही तर ती धरणात येऊन बसते, आणि धरणात जेवढा गाळ येतो तेवढी पाण्याची जागा कायमची जाते. २०१९ च्या जुलैत शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं ते अनेकांना आठवत असेल. पाऊस लांबला होता आणि वरच्या अंगाला चौराईचं धरण झाल्याने येवाही, म्हणजे नदीतून धरणात येणारा पाण्याचा ओघही, घटला होता. जंगलाने त्या महिन्यात पाऊस पाडला असता असं मी म्हणणार नाही. पण येवा कमी होत चाललेल्या धरणात गाळही भरू देणं आपल्याला परवडणारं नाही.

आणि चार वर्षांनी उलटं झालं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, माणसं दगावली. त्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. जंगलात काम केलेल्या माणसाला त्यातलं एक ठळक दिसतं. तलावाच्या वरच्या बाजूला जिथं पूर्वी माळ होता, झुडपं होती, गुरं चरायची, तिथल्या जमिनीचा मोठा भाग आता सिमेंटखाली आहे. सिमेंट पाणी पीत नाही.

आता तुमच्या विद्यार्थ्याच्या खऱ्या प्रश्नाकडे. तोडलेल्याच्या बदल्यात लावलेली झाडं हे सगळं का करत नाहीत? याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, माझ्याच हातून झालेल्या एका कामात मिळालं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे वीस हेक्टरांचं साग रोपवन आलं. दोन बाय दोन मीटरवर लागवड, म्हणजे हेक्टरी २,५००, एकूण पन्नास हजार सागजड्या, म्हणजे लागवडीसाठी छाटलेली सागाची खुंट-मुळं. लावण्याआधी जागा साफ करायची होती. जंगलात कामाला असलेल्यांना 'आडजात' हा शब्द माहीत असतो. साग सोडून जे काही उभं असेल ते सगळं आडजात. चार (म्हणजे चारोळीचं झाड), तेंदू (ज्याची फळं ती टेंभरं), ऐन, धावडा, मोवई, रोहन, बेहडा, सालई, सगळं एका शब्दात. आम्ही आडजात काढली. मोहाची झाडं तेवढी गावकऱ्यांनी हट्टाने राखली. तिसऱ्या वर्षी मोजणी झाली तेव्हा जिवंत टक्केवारी पंच्याऐंशी निघाली. मला शाबासकी मिळाली आणि मला ती योग्यच वाटली.

बारा-तेरा वर्षांनी त्याच भागात पुन्हा आलो. साग सरळसोट वाढला होता, रांगा डोळे दिपवणाऱ्या होत्या. पण खाली गवत विरळ, आणि प्रत्येक पावसात लाल मातीचे ओहोळ उताराला लागत. सागाचं पान परातीएवढं. त्यावर थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात आणि उंचावरून उघड्या मातीवर आदळतात. खाली झेलायला झुडूप नाही, गवत नाही, आणि पाचोळा उन्हाळ्यातल्या वणव्यात दरवर्षी जळून जातो. मधल्या सगळ्या पायऱ्या आम्ही आडजात म्हणून कापून टाकल्या होत्या.

तिथं एक म्हातारा गुराखी भेटला. मी त्याला विचारलं, बाबा, गुरं इकडं का आणत नाही? तो म्हणाला, "साहेब, सागाखाली ढोरं काय खातील? पयले इथं चार होता, टेंभरं होती. पोरं दिवसभर इथंच राहायची. आता इथं कोनी येत नाही." कागदावर ते जंगल होतं. पन्नास हजारांतली चाळीस हजारांहून जास्त झाडं जिवंत होती. पण धनेश पक्ष्याला ढोली नव्हती, अस्वलाला फळ नव्हतं, बाईला वेचायला काही नव्हतं, आणि नाला कार्तिकात कोरडा पडत होता.

मी सागाच्या विरोधात नाही. साग आपल्या विदर्भाचंच झाड आहे, मिश्र जंगलात तो शेजाऱ्यांसोबत नीट राहतो. चूक होती ती त्याला एकटं लावण्याची.

जुन्या झाडाची बदली का होत नाही हे मुलांना धनेशावरून नीट समजावता येईल. राखी धनेश नागपुरातही दिसतो. त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, आतून तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. एवढी ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. फांदी मोडावी लागते, कूज आत जावी लागते, त्यात अनेक दशकं जातात. रानपिंगळा हे लहान घुबडही असंच ढोलीत राहतं. १८८४ नंतर त्याचा पत्ताच नव्हता. तब्बल ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये तो महाराष्ट्रात सातपुड्याच्या रांगेत पुन्हा सापडला, नंतर मेळघाटातही. पाच नव्या रोपांत या पक्ष्यांना राहायला जागा नसते. आणि धनेश गेला की त्याने दूरवर टाकलेल्या बियांतून उगवणारी झाडंही गेली. मोहाचं झाड रोपापासून फुलायलाच दहा-पंधरा वर्षं घेतं.

मग जंगल परत येतच नाही का? येतं. आणि ही माझ्या अनुभवातली सगळ्यात आनंदाची गोष्ट आहे. तोडलेलं, चरलेलं, जळलेलं जंगल वरून उजाड दिसलं तरी जमिनीखाली जिवंत असतं. तेंदूच्या मुळांतून धुमारे फुटतात, सागाच्या आणि धावड्याच्या खुंटांतून फुटवे येतात, पळस तर कशानेच मरत नाही. अशा जागेला तीन पावसाळे चराई आणि वणव्यापासून राखलं, उतारावर सलग समतल चर खोदले, तर एकही रोप न लावता माणसाच्या उंचीची झाडं उभी राहतात, आणि तीही त्या मातीला मानवणारी. गडचिरोलीत मी हे दोन ठिकाणी केलं. खर्च अंगारी मजुरांचा, म्हणजे वणव्यावर नजर ठेवणाऱ्यांचा, आणि आग अडवायला साफ केलेल्या जाळरेषांचा, तोही रोपवनाच्या मानाने किरकोळ. मात्र त्याच जागेवर एकदा नांगर किंवा जेसीबी फिरला की खालची मुळं उपटली जातात आणि सगळं शून्यावर येतं.

म्हणूनच 'पडीक' हा शब्द मला खटकतो. आपल्याकडे झुडपी जंगल नावाची नोंद आहे, मुलांनी सातबाऱ्यावर पाहिलीही असेल. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, जुन्या मध्य प्रांताच्या महसुली कागदांतून ही नोंद आली. मुरमाड, उथळ जमीन, बोर, पळस, करवंद, गवत. गावाला गुरं चारायला, सरपण आणायला, मुरूम काढायला हीच जागा लागायची. मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा मालगुजार गोळा करायचा त्या काळापासून त्याला निस्ताराचा हक्क म्हणतात. अशी ८६ हजार हेक्टरांहून जास्त जमीन आहे, आणि ती जंगल धरायची की नाही यावर अनेक वर्षं वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला जंगलाची व्याख्या व्यापक केली होती. त्याच धाग्याने मे २०२५ मध्ये झुडपी जंगल हे वनच मानायचं, असा निर्णय आला, १९९६ च्या आधी दिल्या गेलेल्या जमिनींसाठी वेगळी सवलत ठेवून. त्या जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या घरं असलेल्यांची काळजी रास्त आहे आणि तिचा विचार व्हायलाच हवा. पण झुडपी जंगलात काही नाही असं म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही. तित्तर, ससे, रोही (नीलगाय) तिथंच असतात, आणि गावच्या विहिरीचं पाणी बहुतेक वेळा त्याच मुरमातून झिरपतं.

भंडारा-गोंदियातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बघितलेत का? कोहळी समाजाने कित्येक पिढ्यांपूर्वी बांधलेले. बांधणाऱ्यांनी जागा निवडताना वरचं जंगल बघितलं होतं. तिथून पाणी स्वच्छ आणि दमादमाने यायचं, आणि पाचोळ्याचा कस घेऊन येणारा थोडाफार गाळ धानाच्या शेतात टाकायला कामी यायचा. वरचं जंगल विरळ झालं तसे अनेक तलाव गाळाने उथळ झाले.

माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर अर्धं राहील. शहरातल्या मुलांना वाटतं जंगलात वाघ राहतात. तिथं माणसंही राहतात, आणि त्यांचं वर्ष जंगलाच्या दिनदर्शिकेवर चालतं. शेतात काम नसतं नेमकं तेव्हा जंगल हात देतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, त्याच सुमारास तेंदूची खुटकटाई, म्हणजे नवी पानं फुटावीत म्हणून झुडपांची छाटणी, मग चार आणि टेंभरं, मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे अंधारात पानं तोडायला निघायचं, दुपारी सावलीत सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. त्या पंधरा-वीस दिवसांच्या पैशात बियाणं येतं, मुलांची वह्या-पुस्तकं येतात. पावसाळ्यात बांबूचे कोंब, ज्यांना आम्ही वास्ते म्हणतो, आणि वारुळांवर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे रानातली अळिंबी. मघाशी वाळवीच्या बोगद्यांतून पाणी मुरतं म्हणालो ना, त्याच वाळवीच्या वारुळातून ही भाजी येते. मुलांना हे जरूर सांगा.

यात सगळं गोड नाही. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, ती आग कधीकधी डोंगर जाळते. मोह वेचायला पहाटे वाकून बसलेल्या बाईवर वाघाने झेप घेतल्याच्या घटना चंद्रपूर-गडचिरोलीकडे झाल्या आहेत. अशा घरी जाऊन बसण्याची वेळ माझ्यावर आली आहे. त्या अंगणात जंगलाचं महत्त्व सांगण्याची हिंमत होत नाही. म्हणून माझं मत असं झालं आहे की जंगल राखणाऱ्या गावाला जंगलाच्या उत्पन्नात आणि निर्णयात हक्क मिळायलाच हवा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ते गाव स्वतःचा बांबू स्वतःच्या परवान्यावर विकू लागलं. तिथं वणवा लागला तर ग्रामसभा धावते. बाहेरच्या पहारेकऱ्याला ते कधी जमणार नाही.

वाघाबद्दल मुलं विचारतीलच, तर एवढं सांगा. वाघाला जंगलाचा तुकडा पुरत नाही, तुकड्यांना जोडणारी वाट लागते. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा, ताडोबा ही सगळी जंगलं शेतं, नाले, झुडपी जमिनी यांतून एकमेकांना जोडलेली आहेत. सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचमधून रुंद करताना प्राण्यांसाठी खालून जायला नऊ मार्ग ठेवले, त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा. कॅमेऱ्यांत त्याखालून जाणारे वाघ, रानकुत्रे, चितळ सगळे टिपले गेले आहेत. विकास करताना काळजी घेता येते, याचं ते आपल्या दारातलं उदाहरण आहे.

तर त्या मुलाला उत्तर कसं द्यायचं? तोंडी देऊ नका, त्याला मोजू द्या. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घ्या, दोन्ही तोंडं कापून नळी करा. एक लिटर पाणी आणि एक घड्याळ. डबा शाळेच्या मैदानात बोटभर आत ठोका, पाणी ओता, मुरायला किती वेळ लागला ते लिहा. मग परवानगी घेऊन गोरेवाड्याच्या किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडीत, पाचोळा अलगद बाजूला करून तेच करा. तिसरी जागा एकाच जातीच्या झाडांची लागवड असलेली शोधा, रस्त्याकडेची चालेल. प्रत्येक जागी तीन-तीन वेळा. आणि हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा, उन्हाळ्यात नको. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, त्या पाणी क्षणात गिळतात आणि मुलं नेमका उलटा निष्कर्ष काढतील. घड्याळ मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या हातात द्या. दिवस ठरला की कळवा, डबे ठोकायला मी येईन.